रोमानियातील दिव्यांग मुलांच्या सेवेसाठी भरलेले २,८९,४०० रुपये

फोंडा तालुक्यातील एका विशेष शाळेत मी गेली अनेक वर्षे दिव्यांग मुलांना शिकवते. रोमानियातील एका बालगृहात तीन महिने स्वयंसेवा करण्याची संधी देतो असे सांगून पर्वरीला कार्यालय थाटलेल्या एका एजंटाने माझ्याकडून २,८९,४०० रुपये उकळले. ते बालगृह अस्तित्वातच नाही. एजंटाचे नाव-गाव छापायला मी आज तयार आहे, पण तपास चालू असल्यामुळे वकिलांनी मनाई केली आहे. परदेशच्या नावाने एजंट कसे लुबाडतात हे गोव्यातल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. फरक एवढाच की नोकरीपायी फसलेल्याला लोक 'हाव नडली' असे म्हणून मोकळे होतात. मला तिथे एक रुपयाही पगार मिळणार नव्हता, तरीही माझ्या तोंडावर तेच म्हणणारे नातेवाईक निघाले.

ही गोष्ट खरी वाटण्याजोगी होती, हे मी ठामपणे सांगते. रोमानियात १९६६ मध्ये गर्भपातावर बंदी आली, नको असलेली मुले हजारोंनी सरकारी बालगृहांत जाऊन पडली, आणि डिसेंबर १९८९ मध्ये हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट कोसळली तेव्हा तिथल्या संस्थांमध्ये एक लाखाहून अधिक मुले होती. त्यांतल्या दिव्यांग मुलांची तर सुधारणेपलीकडची म्हणून वेगळीच रवानगी झालेली होती. विशेष शिक्षण शिकलेल्या माणसाला हा इतिहास ठाऊक असतो, आणि एजंटालाही तो नेमका ठाऊक होता. हा इतिहास त्याने रचला नव्हता. पस्तीस वर्षांपूर्वीची परिस्थिती आजची म्हणून विकली. त्या देशाने २००४ च्या कायद्याने दोन वर्षांखालील मुलांना संस्थेत ठेवणे बंद केले (अतितीव्र अपंगत्व असलेली मुले मात्र त्यातून वगळली), जुनी मोठी बालगृहे एकामागून एक बंद केली आणि मुले पालक-कुटुंबांकडे व लहान घरांत नेली, हे त्याच्या पडद्यावरच्या सादरीकरणात कुठेच नव्हते.

पैसे असे गेले. नोंदणीचे जीएसटीसह ५,९००. 'बालसुरक्षा प्रशिक्षणा'चे १८,०००. संस्थेत जागा मिळवून देण्याचे १,४२,०००, जे यूपीआयची दिवसाची मर्यादा आड आल्यामुळे पहिल्या दिवशी एक लाख आणि दुसऱ्या दिवशी बेचाळीस हजार असे पाठवावे लागले. व्हिसा आणि विम्याचे ३८,५००. मुलांच्या व्हीलचेअरसाठी देणगी २५,०००. शेवटी 'परत मिळणारी अनामत' ६०,०००, जी मी पतसंस्थेतली ठेव मुदतीआधी मोडून दिली. कंपनीच्या नावाने पावती आणि पैसे मात्र एखाद्याच्या वैयक्तिक खात्यावर, असे दिसले की तिथेच थांबा. पावतीवरच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे पाहा: गोव्याचा क्रमांक ३० ने सुरू होतो. माझ्या पावतीवर २७ होते, म्हणजे महाराष्ट्र. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक घातला तेव्हा तिथे एका कापड व्यापाऱ्याचे नाव आले. हे मी पाहिले ते सगळे संपल्यावर. पण पावती हाती आल्यावर तिचे पहिले दोन आकडे तपासायचे असतात, हे मला कधी कोणी शिकवले होते?

प्रशिक्षण म्हणजे एक पीडीएफ. तिच्यात व्हीलचेअरवरील मुलाला उचलताना दोन्ही बगलांखाली हात घालून ओढावे असे लिहिले होते, आणि बाजूला तसे चित्र होते. अशा ओढण्याने मुलाच्या खांद्याला इजा होते, म्हणून हेच करू नका असे आम्ही नव्या मदतनिसांना पहिल्या दिवसापासून बजावतो. मी ते फोनवर त्याच्या लक्षात आणून दिले. 'टीचर, म्हणूनच तर तिथे तुमच्यासारखी माणसे हवी आहेत,' असे तो म्हणाला, आणि माझा आक्षेप माझ्याच कौतुकात विरून गेला.

तरीही ज्या क्षणाचा विचार करून माझे डोके आजही तापते तो हा नव्हे. अर्जात त्यांनी टी-शर्टचे माप विचारले होते, मासे चालतात का ते विचारले होते, पोहता येते का तेही विचारले होते. विशेष शिक्षकांची नोंदणी करणाऱ्या भारतीय पुनर्वसन परिषदेकडील माझा नोंदणी क्रमांक विचारला नव्हता आणि पोलिसांचा चारित्र्य दाखलाही मागितला नव्हता. पासपोर्ट सेवेतून हा दाखला ५०० रुपयांत मिळतो. आमच्या शाळेत आया नेमतानासुद्धा पोलीस पडताळणी होते, आणि इथे बोलता न येणाऱ्या, स्वतःच्या अंगावरचा हात दूर करू न शकणाऱ्या मुलांजवळ एका परक्या बाईला तीन महिने ठेवणार होते. रोमानियात तर २०१९ च्या कायद्याने, मुलांशी थेट संबंध येणाऱ्या कामासाठी लैंगिक गुन्हेगारांच्या नोंदवहीत नाव नसल्याचा दाखला सक्तीचा आहे. मी स्वतःहून विचारले होते, हे नोंदवून ठेवते. 'तुमचा चेहरा बघूनच कळते, टीचर,' हे उत्तर मिळाले. त्याच आठवड्यात त्याने व्हॉट्सॲपवर मुलांचे उघड्या चेहऱ्याचे फोटो पाठवले, खाली नाव, वय आणि आजार. आपल्याकडे बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार संस्थेतील मुलाची ओळख उघड करणे गुन्हा आहे. तिथले नियम वेगळे असतील अशी मी समजूत करून घेतली. माझ्या जागी कोणीही तीच केली असती. जी संस्था मुलांची खरोखर काळजी घेते ती तुमच्या पैशाआधी तुमची चौकशी करते. माझी कोणी केलीच नाही.

व्हिसाची तारीख पुढे पुढे जाऊ लागली तेव्हा एजंटाने ज्या जिल्ह्याचा पत्ता दिला होता तिथल्या बालसंरक्षण संचालनालयाला मी इंग्रजीत ईमेल केला. असे संचालनालय तिथे प्रत्येक जिल्ह्यात असते. अशा नावाची संस्था आमच्याकडे नाही, असे चार ओळींचे उत्तर आले. सभ्य, स्पष्ट आणि सहीनिशी.

आता आपल्याकडची तऱ्हा ऐका. पैसे घरातून पाठवले म्हणून फोंड्याच्या पोलीस ठाण्यात गेले, तर कार्यालय पर्वरीला आहे, तिकडे जा म्हणाले. पर्वरीच्या बाजूला गेले, तर व्यवहार ऑनलाइन आहे, सायबरकडे जा. तिथल्या टेबलावरच्या माणसाने माझी फाईल न उघडताच, 'बाई, पैसे तुम्ही स्वखुशीने दिले, हा दिवाणी मामला आहे,' असा निकाल दिला. परदेशी पाठवणाऱ्या एजंटांवर देखरेख ठेवणाऱ्या कार्यालयाचे म्हणणे असे की त्यांचा कायदा नोकरीसाठी आहे आणि स्वयंसेवा ही नोकरी नव्हे. परदेशस्थ गोमंतकीयांसाठीच्या कार्यालयाने सांगितले की तुम्ही परदेशी गेलाच नाहीत, मग आमच्याकडे कशा? बँकेने सांगितले की पिन तुमचाच होता. प्रत्येकाचे उत्तर आपापल्या जागी बिनचूक, आणि सगळ्यांची बेरीज शून्य. एका साहेबांनी तर गोव्यात गरजू मुले कमी आहेत का, असा प्रश्न केला. मी रोज कुणाला शिकवते हे त्यांच्यासमोरच्या अर्जाच्या पहिल्याच ओळीत होते.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते, हे मला वकिलांकडून कळले. नकार मिळाला तर लेखी अर्ज पोलीस अधीक्षकांना पाठवा आणि पोच घ्या. मी तसे केल्यावरच भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. तोवर ज्या खात्यात पैसे गेले ते रिकामे होते. १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक पैसे गेल्याच्या त्याच तासात फिरवला तर रक्कम गोठवली जाण्याची शक्यता असते. कौटुंबिक चर्चा नंतर करा. चॅट पुसू नका, प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला ओळख क्रमांक) कागदावर उतरवून ठेवा. पर्यटक व्हिसावर जाऊन स्वयंसेवा करा असे कोणी सांगितले तर दूतावासाकडून लेखी उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

माझ्यानंतर म्हापसा आणि डिचोलीतील आणखी दोघींनी याच माणसाला पैसे दिल्याचे मला कळले आहे. त्या आणि त्यांच्यासारख्या इतर कोणी असतील, त्यांनी मला सहानुभूतीचे संदेश पाठवण्यापेक्षा आपापल्या ठाण्यात स्वतंत्र तक्रार द्यावी आणि तिची प्रत घ्यावी. एका तक्रारीला हे लोक दिवाणी मामला म्हणतात. तीन तक्रारी एकाच खात्याकडे बोट दाखवू लागल्या की तसे म्हणणे जड जाईल.