फ्रीडम १२५: पैसे वाचतात ते दिसतंच, कार्बन किती वाचतो?

बजाजने ५ जुलै २०२४ रोजी पुण्यात आणलेली ही सीएनजी मोटरसायकल. सीटखाली दोन किलोचा सिलिंडर, पुढे दोन लिटर पेट्रोल, इंधन बदलायचं बटण डाव्या हाताशी. कंपनीचा दावा सीएनजीवर किलोला १०२ किमीचा आहे आणि पेट्रोलवर लिटरला साधारण ६५.

आधी पैसे. सीएनजी ९० रुपये आणि पेट्रोल १०४ धरलं, तर किलोमीटरला ८८ पैसे विरुद्ध १ रुपया ६०. महिन्याला हजार किमी पळणाऱ्याचे सातशे रुपये वाचले.

कार्बनचं गणित एवढं सरळ नाही. किलोभर सीएनजी जळला की साधारण २.७५ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, लिटरभर पेट्रोलमधून २.३ किलो. म्हणजे दाव्याचंच अ‍ॅव्हरेज धरून किलोमीटरला २७ ग्रॅम विरुद्ध ३५. एक चतुर्थांश कमी, वाईट नाही. पण सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि तो न जळता हवेत गेला तर शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापदायक. किलोभर सीएनजीमागे कुठेही, पाइपलाइनमध्ये, पंपावर किंवा गाडीत, ३० ग्रॅम गळला की सगळी बचत गेली. म्हणून जोडांवर साबणाचं पाणी लावून बघायची सवय हवीच. बुडबुडा दिसला किंवा गॅसचा वास आला, तर व्हॉल्व्ह बंद करून थेट सर्व्हिस सेंटर. पान्याने स्वतः आवळत बसू नका.

दोन किलोची टाकी दोन किलो भरतेच असं नाही. सिलिंडर २०० बार दाबाचा, पण लांब रांगेनंतर पंपाचं प्रेशर पडतं आणि १७० बारवरच नोझल निघतं. शिवाय भराभर भरलेला गॅस तापतो. काटा २०० दाखवतो आणि गार झाल्यावर खाली उतरतो. पहाटे, प्रेशर चांगलं असताना भरलेलं बरं.

इंजिनच्या सिलिंडरमध्ये गॅस हवेची जागा खातो, म्हणून सीएनजीवर ओढ कमी. ९.५ पीएस ताकदीचं इंजिन डबलसीट घाटात दमतं. तिथे बिनदिक्कत पेट्रोलवर टाका. तसंही रोज दोन-चार किमी पेट्रोलवर चालवावीच, नाहीतर इथेनॉलमिश्रित पेट्रोल टाकीत पडून पाणी धरतं.

सीटची उंची ८२५ मिमी, बुटक्या माणसाने आधी बसून बघावं.

घरी चार्जिंगची सोय असेल तर इलेक्ट्रिक स्कूटर किलोमीटरला ३० वॉट-तास खाते. युनिटमागे सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला तरी २१ ग्रॅम. फ्रीडम त्यांच्यासाठी, ज्यांना रोज ४० किमीच्या वर जायचंय, पार्किंगला प्लग नाही आणि वाटेवर पंप आहे.

जुनी घेत असाल तर सिलिंडरवरची तारीख बघा. दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने सिलिंडरची तपासणी, सक्तीची आहे, आणि मुदत संपलेली दिसली की पंपवाला गॅस भरत नाही.