हिरव्या लेबलाखाली दुसरं लेबल निघालं

दिवाळीनंतर आमच्या भागातल्या मंगल कार्यालयात खरेदी-प्रदर्शन भरलं होतं. पापड-लोणची, कुर्ते आणि कोपऱ्यात 'हर्बल' औषधांचा एक स्टॉल. माझ्या अडीच वर्षांच्या लेकीचा घसा चार दिवस धरला होता, रात्री खोकून उठायची. मी नुसती चौकशी केली, तर त्या माणसाने हिरव्या लेबलाची बाटली पुढे केली. "ताई, तुळस, ज्येष्ठमध, पुदिना. फक्त घशात फवारायचं. तान्ह्या बाळालाही चालतं."

एक ३५० ला, दोन ६०० ला. मी दोन घेतल्या. बिल मागितलं तर पुस्तक संपलंय म्हणत कागदाच्या चिटोऱ्यावर रक्कम आणि मोबाइल नंबर लिहून दिला. परवान्याचं विचारलं तर लेबलावरच्या १४ आकडी नंबरावर बोट ठेवलं. माझं समाधान झालं. तो क्रमांक खाद्यपदार्थांचा असतो, औषधाचा नव्हे, हे नंतर कळलं.

त्या रात्री दोन फवारे मारले आणि लेक शांत झोपली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवणाआधी तीन मारले. पहिला घास वरण-भाताचा. तो गिळायलाच येईना. तोंडातून लाळ गळायला लागली आणि एकदम ठसका लागला, चेहरा लालबुंद. माझ्या सासूबाईंनी तिला पुढे वाकवून पाठीत थापा मारल्या, तेव्हा भात बाहेर पडला. ती रडली, आणि ते रडणं ऐकून माझ्या जिवात जीव आला. मग मी एक फवारा स्वतःच्या जिभेवर मारून पाहिला. दात काढताना हिरडी बधिर करतात ना, तशी जीभ झाली.

आम्ही तसेच डॉक्टरांकडे धावलो. त्यांनी बाटली दिव्याखाली धरली आणि लेबलाचा कोपरा नखाने उचकटला. खाली पांढरं लेबल होतं: लिग्नोकेन १०%. मुदत उलटून आठ महिने झालेले. दाताचे डॉक्टर सुई टोचण्याआधी हिरडीवर मारतात तेच औषध. त्याच्या एका फवाऱ्यात साधारण १० मिलिग्रॅम लिग्नोकेन असतं. डॉक्टरांनी समजावलं की घसा बधिर झाला की घास श्वासनलिकेत जाऊ शकतो, आणि मात्रा जास्त झाली तर लहान मुलाला झटके येऊ शकतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. बेन्झोकेन नावाचं बधिर करणारं दुसरं औषध असतं, त्याने रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते, ओठ निळे पडतात. दोन वर्षांखालच्या मुलांच्या तोंडात ते वापरू नये, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिला आहे. लेकीला त्यांनी काही तास दवाखान्यातच नजरेखाली ठेवलं.

तिचा घसा तर साध्या व्हायरल तापाचा होता. कोमट पाणी, वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, एवढ्यावर तीन दिवसांत बरा झाला.

चिटोऱ्यावरचा मोबाइल तेव्हापासून बंद आहे. चौकशी करताना कळलं की आयुर्वेदिक औषध विकायला परवाना लागत नाही, फक्त बनवायला लागतो. अशा लोकांचं फावतं ते इथेच. पण बनवणाऱ्याचा उत्पादन परवाना क्रमांक, त्याचा पूर्ण पत्ता, बॅच नंबर आणि मुदत लेबलावर असायलाच हवी. माझ्या हिरव्या लेबलावर यातलं एकही नव्हतं, आणि मी तुळशीचं चित्र बघत बसले.

न उघडलेली दुसरी बाटली लेबल न काढता अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात तक्रारीसोबत दिली आहे. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही तक्रार नोंदवली. कुठल्याही प्रदर्शनातून असा घशाचा स्प्रे तुमच्या घरी आला असेल, तर आज रात्री मुलांना देण्याआधी लेबलाचा कोपरा नखाने उचकटून बघा. खाली दुसरं लेबल निघालं तर बाटली फेकू नका, तक्रारीसाठी तीच लागते.