ओतकाम आणि जुळणी: अंतर्गत दर ठरवून घेतल्याचा अनुभव

आमच्या कंपनीत पंपाची बॉडी ओतकाम विभाग ओततो आणि जुळणी विभाग ती घेऊन पंप उभा करतो. मी जुळणीकडचं कॉस्टिंग बघते. या दोन विभागांतला दर ठरवून द्यायला एक सल्लागार संस्था बोलावली होती. नवा दर लागू होऊन वर्ष झालं, म्हणून आता लिहितेय.

आधी काय चाललं होतं ते सांगते. एका बॉडीचा बदलता खर्च (नगागणिक वाढणारा) ६०, वाट्याला आलेला स्थिर खर्च (नग कमी-जास्त झाले तरी तेवढाच राहणारा) २५, वर १० टक्के नफा, दर ९३.५०. बाहेरचा पुरवठादार तशीच बॉडी ८०ला द्यायला तयार. साहजिकच आम्ही बाहेरून घेऊ लागलो आणि माझ्या विभागाचा नफा वाढला. पण भट्टी तेव्हा निम्मी रिकामी होती. जी बॉडी घरात ६०मध्ये झाली असती, तिचे ८० बाहेर जात होते. नगामागे २०चं हे नुकसान कुठल्याच विभागाच्या पत्रकात दिसत नव्हतं. शिवाय ओतकामाचे नग घटले की तोच स्थिर खर्च उरलेल्या नगांवर पडायचा आणि दर आणखी चढायचा. दर महिन्याच्या बैठकीत यावरून भांडण ठरलेलं.

सल्लागारांची एक गोष्ट मला फार आवडली. पहिले दोन दिवस त्यांनी हिशेबाला हातच लावला नाही. भट्टीपाशी सुपरवायझरबरोबर उभे राहून एकच विचारत होते, आठवड्याला किती हीट (भट्टीत एका वेळी वितळवलेला धातूचा घाणा) निघू शकतात आणि निघतात किती? सगळं उत्तर तिथेच होतं. क्षमता रिकामी असेल तर दराची खालची मर्यादा फक्त बदलता खर्च. भट्टी भरलेली असेल आणि बाहेरचं गिऱ्हाईक ९५ द्यायला उभं असेल, तर खालची मर्यादा ९५. मग आम्ही ८०ला बाहेरून घेणंच कंपनीच्या फायद्याचं. अर्थतज्ज्ञ जॅक हर्शलायफर यांनी १९५६मध्ये मांडलेला सीमांत खर्चाचा, म्हणजे आणखी एक नग करायला लागणाऱ्या खर्चाचा, विचार याच वाटेचा आहे, पण तो आमच्या हीटच्या आकड्यांवर बसवून दाखवल्यावर दोन्ही विभागप्रमुखांना पटला.

त्यांनी सुचवलेली रचना अशी: नगाला प्रमाणित (म्हणजे आधीच ठरवून ठेवलेला) बदलता खर्च, आणि राखून ठेवलेल्या क्षमतेसाठी आम्ही वर्षाला एक ठरावीक रक्कम द्यायची. दर प्रत्यक्ष खर्चावर न ठेवता प्रमाणित खर्चावर ठेवला, हे फार बरं झालं. पूर्वी भट्टीत वीज जास्त जळली की बिल माझ्या खात्यावर यायचं. आता तो फरक ओतकामाकडेच राहतो आणि तो कमी करायला तेच धडपडतात.

एका बाबतीत मात्र मी नाराज आहे. बॉडीतले ब्लो होल, म्हणजे ओतताना वायू अडकून आत राहिलेली भोकं, वरून दिसत नाहीत, आमच्याकडे मशिनिंग झाल्यावर उघडे पडतात. तोवर आमचा मशीनचा वेळ आणि मजुरी खर्ची पडलेली असते. ती कोणी सोसायची, याबद्दल अहवालात एक ओळही नाही. मी अंतिम सादरीकरणात विचारलं तेव्हा ‘आपसात ठरवा’ एवढंच उत्तर मिळालं. आपसात ठरत नव्हतं म्हणूनच तर तुम्हाला बोलावलं होतं! आता बैठकीतलं भांडण दरावरून रिजेक्शनवर, म्हणजे अशा बाद होणाऱ्या नगांवर, सरकलंय.

पाचपैकी चार तारे देते. दराच्या कामासाठी यांना जरूर बोलवा. फक्त रिजेक्शनचा खर्च कोणाकडे, हा मुद्दा काम सोपवतानाच लेखी घालून घ्या.