अलास्कासाठी घेतलेलं सामान, देवबागात एक पावसाळा काढल्यावर

गेल्या एप्रिलच्या अखेरीस मामेभावाकडे अँकरेजला गेले होते. थंड पाण्यातलं सर्फिंग आणि स्कीइंग, दोन्ही एकाच ट्रिपमध्ये करायचं होतं, म्हणून जाण्याआधी बरंच सामान घेतलं. घेताना रिव्ह्यू भरपूर वाचले, पण ते सगळे थंड, कोरड्या हवेत राहणाऱ्यांचे. ट्रिप संपल्यावर हेच सामान मालवणच्या दमट हवेत कपाटात पडून राहिलं की त्याचं काय होतं, ते कुणीच लिहीत नाही. माझं मत आधीच सांगते: त्या थंडीने यातली एकही वस्तू बिघडली नाही, जे बिघडलं ते घरी आल्यावर.

सर्वांत महाग वस्तू वेटसूट, म्हणजे पाण्यात ऊब राहावी म्हणून अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख. हूडवाला, ५/४ चा. म्हणजे छाती-पाठीला ५ मिलिमीटर, हातापायांना ४. घरचा धंदा पर्यटकांना स्नॉर्कलिंगला नेण्याचा, त्यामुळे ३ मिलिमीटरचे सूट आमच्याकडे ढीगभर आहेत. त्यातलाच एक घेऊन जा, पैसे कशाला घालवतेस, असं घरच्यांचं म्हणणं. पण आपला समुद्र २६ ते ३० अंशांचा. सर्फिंग करायचं ते तिथल्या टर्नअगेन आर्म या खाडीत, आणि तिचं पाणी त्या दिवसांत दहा अंशांच्या खाली. सूटच्या रबरातले, म्हणजे नीओप्रीनमधले, गॅसचे बारीक बुडबुडे ऊब धरून ठेवतात, जाडी कमी झाली की ऊबही कमी. तिथे ३ मिलिमीटरवर भागलं नसतं.

आता ज्या लाटेसाठी गेले, ती. टर्नअगेन आर्म ही अँकरेजच्या दक्षिणेला आत घुसलेली लांब, अरुंद, उथळ खाडी. आपल्याकडे उधाणाला पाणी दोन-अडीच मीटर चढतं, तिथे नऊ मीटरच्या आसपास. एवढं पाणी चिंचोळ्या खाडीत शिरायला लागलं की ओहोटीच्या पाण्यावर चढून भरतीची एकच सलग लाट आत येते, ताशी १५ ते २५ किलोमीटर वेगाने. मोठ्या उधाणाला ती दोन मीटरच्याही वर जाते. किनाऱ्यावर लाट चुकली तर मागून दुसरी येतेच, इथे चुकली की पुढच्या भरतीपर्यंत बसा. अमावस्या-पौर्णिमेचं गणित मात्र तेच. सासऱ्यांनी देवबागच्या ओटीवर कालनिर्णय उघडून कुठले दिवस धरायचे ते सांगितलं, आणि तिथल्या गाईडनेही तेच दिवस दिले. याचा घरात अजून उल्लेख होतो.

पाणी सिमेंट कालवल्यासारखं करडं. हिमनद्यांनी दळलेल्या दगडाची ती भुकटी. ओहोटीला उघडा पडलेला गाळ दिसायला घट्ट दिसतो, पण पाय रुतला की भोवतीने आवळतो, आणि मागून भरती येते. माणसं त्यात अडकून दगावली आहेत. त्यामुळे गाईडशिवाय पाण्यात उतरायचा प्रश्नच नव्हता. पॅडलबोर्डवर, म्हणजे उभं राहून वल्हवायच्या फळीवर, मला थोडा वेळच उभं राहता आलं, पण सूटने काम चोख केलं. गारठले ते फक्त हात.

खरा अनुभव इथून पुढे. ती भुकटी छातीवरच्या चेनच्या दातांत जाऊन बसली होती. गोड्या पाण्याने, जुन्या टूथब्रशने कितीदा घासली, तरी पाणी करडंच निघायचं. मग जून लागला. आतलं अस्तर जाड, दोन-दोन दिवस वाळेना. पडवीत रुंद हँगरवर टांगला तर सासूबाई दिवेलागणीला दचकल्या, "गो, ह्यो कोण उभो आसा?" कपाटात ठेवला तर बुरशी. शेवटी पंख्याखाली, उलटा करून. दिवाळीपर्यंत छातीवरच्या गुळगुळीत रबराला घडीच्या जागी बारीक भेगा दिसायला लागल्या. डिसेंबरात पहाटे संगमावर घालून बघितला, तर पाण्यात पाय टाकायच्या आधीच घामाने आतून भिजले. आपल्या किनाऱ्यावर या जाडीच्या सूटचा उपयोग शून्य. तिथे तो भाड्याने मिळतो, भाड्यानेच घ्या.

जॅकेटचं तर त्याहून वाईट. गर्डवुडचं आल्येस्का हे स्की रिसॉर्ट जवळजवळ खाडीला लागूनच, पायथा समुद्रसपाटीपासून जेमतेम ७५ मीटरवर. एप्रिलच्या शेवटी वर बर्फ आणि खाली पाऊस, त्यामुळे जॅकेट वॉटरप्रूफच लागतं. तिथे ते छान चाललं. घरी आल्यावर म्हटलं, एवढं महाग जॅकेट आहे, पावसाळ्यात स्कूटरवर वापरू. ही जॅकेटं आतली वाफ बाहेर सोडतात, पण बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असेल तरच. जुलैत मालवणात बाहेरच हवा पाण्याने गच्च, वाफ जाणार कुठे? कुडाळपर्यंत जाईतो आतून शर्ट पिळून काढावा असा. साधा रेनकोट यापेक्षा बरा, निदान तो गळ्याशी सैल असतो. गणपतीपर्यंत आतला लेप चिकट झाला आणि दसऱ्याला पापुद्रे सुटून काळ्या ब्लाऊजवर पांढरा कोंडा. पॉलियुरेथेनचा लेप उष्ण-दमट हवेत असाच विरतो, वापरा नाहीतर नुसता ठेवा. दुकानदाराकडे तक्रार केली, उत्तर आलं की वॉरंटीत "साठवणुकीतले दोष" बसत नाहीत. आमच्याकडे साठवणूक म्हणजे हवाच, ती कुठून बदलणार! स्कीचे बूट मी घेतलेच नव्हते. बऱ्याच बुटांचं कवच याच जातीच्या प्लॅस्टिकचं असतं, तेही वर्षानुवर्षं ठेवलं की ठिसूळ होऊन तुटतं.

मेरिनो लोकरीचे आतले कपडे तिथे उत्तम. इथे कसर लागली. डब्यात बंद करून ठेवलेले वाचले.

अस्वलांना पळवायचा मिरचीचा स्प्रे सोबत नेता येत नाही, विमानात चेक-इन बॅगेतही चालत नाही. तिथेच घ्यायचा, तिथेच सोडून यायचा. एप्रिलमध्ये अस्वलं गुहेतून बाहेर पडायला लागलेली असतात, भुकेलेली. स्प्रे सॅकमध्ये नाही, छातीवर किंवा कमरेला हाताशी लावायचा, आणि अस्वल अंगावर येत स्प्रेच्या टप्प्यात आलं की मारायचा, फार लांबून मारून उपयोग नाही. झुडपातून चालताना मोठ्याने बोलत राहा असं सांगतात, म्हणजे अस्वल दचकत नाही. मामेभाऊ "हे बेअर" ओरडायचा, मी "इलंव रे इलंव". अस्वल एकदाच दिसलं, तेही रस्त्यापलीकडे, गाडीतून. कॅन मामेभावाकडेच आहे. त्यावरची मुदत संपेपर्यंत पुढच्या पाहुण्याला चालेल.

आता जे टिकलं ते. ५ मिलिमीटरचे नीओप्रीनचे बूट ही सगळ्या खरेदीतली सर्वांत कामाची वस्तू निघाली. ओहोटीला खडकावर कालवं काढायला जाते तेव्हा तेच घालते. कालवांच्या कडा ब्लेडसारख्या लागतात, नेहमीच्या रबरी चपला महिन्याभरात फाटायच्या. या बुटांचा तळ टाचेकडे झिजलाय, पण चिकटवलेली शिवण कुठेही सुटलेली नाही. छोटे असल्यामुळे चुलीशेजारी रात्रीत वाळतात, म्हणून बुरशीही नाही. हातमोजे सासऱ्यांनी पळवले. पहाटे बर्फाच्या पेटीतून बांगडे उचलताना त्यांची बोटं बधिर व्हायची, आता होत नाहीत. सुरमईच्या दातांपुढे मात्र त्यांचा काही इलाज नाही, आणि वासाबद्दल मी बोलत नाही.

तोंड गुंडाळून बंद करायची ड्राय बॅग रोज होडीत असते. पर्यटकांचे मोबाइल, गाड्यांच्या चाव्या, कॅमेरे, सगळं त्यात. तळाला घासून एक भोक पडलं होतं, तिथे पीव्हीसीच्या सोल्यूशनने ठिगळ लावलंय. अजून पाणी आत आलेलं नाही.