मावा, फुलकिडे की कोळी? फवारण्याआधी पान उलटून बघा

मिरचीचा शेंडा चुरडला की हात लगेच फवाऱ्याकडे जातो. जरा थांबा. हा चुरडा दोन अगदी वेगळ्या जिवांमुळे पडतो आणि एकाचं औषध दुसऱ्याला बहुधा चालत नाही.

पानाच्या कडा वर वळून होडी झाली असेल तर संशय फुलकिड्यांवर. पान उलटं खाली वळलं, अरुंद झालं आणि देठ लांबला, तर कोळी (घरातला जाळं विणणारा कोळी नव्हे, माइट नावाचा अतिबारीक जीव). खात्रीसाठी शेंडा पांढऱ्या कागदावर झटका. फुलकिडा बारीक काडीसारखा, १ ते २ मिलिमीटरचा, पिवळट किंवा काळसर असतो आणि चटकन पळतो. तो पान खरवडून रस पितो, म्हणून पानावर चंदेरी चट्टे आणि विष्ठेचे काळे ठिपके दिसतात. मिरचीवरचा हा कोळी मात्र नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही, भिंग लागतंच. वांग्या-भेंडीवरचा लाल कोळी थोडा मोठा, साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. पानाखाली बारीक जाळं विणतो आणि पानावर पिवळे टिपके पाडतो. कोळ्याला पाय आठ, म्हणजे तो कीटकच नव्हे. अनेक कीटकनाशकांनी तो मरत नाही, त्याला खाणारे शत्रूच मरतात आणि तो आणखी फोफावतो. माझ्या मते घरच्या बागेतली ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे.

मावा, पांढरी माशी आणि तुडतुडे ओळखायला त्या मानाने सोपे. झाड हलवा. पांढरी माशी भुर्रकन उडून पुन्हा पानाखाली बसते, तुडतुडा तिरका चालतो नाहीतर उडी मारतो, मावा कोवळ्या शेंड्याला चिकटून राहतो. पान चिकट, त्यावर काळी काजळी आणि मुंग्यांची रांग ही खूण मावा आणि पांढरी माशी दोघांचीही असते, तेवढ्यावर ठरवू नका. माव्याच्या पाठीमागच्या टोकाला दोन बारीक नळ्या दिसतात.

मावा थोडा असेल तर पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. पांढरी माशी कमी असली तरी दुर्लक्ष नको, कारण ती विषाणू पसरवते. भेंडीच्या पानाच्या शिरा पिवळ्या पडल्या तर झाड बरं होत नाही, उपटलेलंच बरं. पिवळे चिकट सापळे उडणाऱ्या माशीला उपयोगी. कोळ्याला पंखच नाहीत, त्याच्यासाठी ते लावून काही साधत नाही.

आणि माव्यात फिरणारी काळी, नारिंगी ठिपक्यांची, मगरीसारखी अळी दिसली तर कृपा करून चिरडू नका. ती ढालकिड्याचं (लेडीबर्डचं) पिल्लू आहे, मावा खायलाच आलेली. तसेच फुगलेले, तपकिरी, न हलणारे मावे नीट बघा. त्यांच्या पोटात परजीवी गांधीलमाशीची अळी वाढत असते. पाठीवर गोल भोक दिसलं, की माशी बाहेर पडली. असं पान मी कधीच तोडत नाही.