तारखांसाठी कन्व्हर्ट घ्यावं की फॉरमॅट?

निपाणीकडच्या एका पतसंस्थेच्या ठेवींची जुनी एक्सेल यादी मी एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसमध्ये घेत होतो. तारखा मजकूर म्हणून आलेल्या, म्हणून सरळ कास्ट, म्हणजे एका प्रकारचा डेटा दुसऱ्या प्रकारात बदलणारं फंक्शन, लावलं. ‘०३/०४/२०२४’ ही ३ एप्रिलची ठेव मुकाट ४ मार्चची झाली. ‘१३/०४/२०२४’ आली तेव्हा कुठे क्वेरी एरर देऊन थांबली. लॉगिनची भाषा अमेरिकन इंग्रजी असली की महिना आधी धरला जातो. आपल्याकडे खानापूर असो की चिकोडी, पावतीवर दिवसच आधी. ती १३ तारीख यादीत नसती, तर लोकांच्या ठेवींची मुदत आणि व्याज दोन्ही चुकलं असतं. कास्टला तारखेचा क्रम सांगायची सोयच नाही, तेव्हा अशा मजकुरासाठी त्याचं नाव काढू नका.

उरले दोघे: कन्व्हर्ट आणि फॉरमॅट.

कन्व्हर्टला स्टाइलचा आकडा देता येतो: १०३ म्हणजे दिवस/महिना/वर्ष, १०५ म्हणजे तेच पण मध्ये डॅश, १०१ अमेरिकन, ११२ म्हणजे ‘२०२४०४०३’सारखं सलग. मजकुराची तारीख करायलाही चालतं आणि तारखेचा मजकूर करायलाही. आकडे पाठ होत नाहीत, ही तक्रार खरी आहे. पण यादी आत घेताना मी ट्राय_कन्व्हर्ट आणि १०३ यांशिवाय दुसरं काही वापरत नाही. न जुळणाऱ्या तारखेला ते नल, म्हणजे रिकामी किंमत, देतं, काम थांबत नाही. त्या नल ओळी वेगळ्या काढायच्या आणि मूळ पावतीशी ताडून बघायच्या.

फॉरमॅट फक्त दाखवण्यासाठी. २०१२च्या आवृत्तीपासून आहे. नमुना वाचता येतो, मात्र मोठा एम म्हणजे महिना आणि छोटा एम म्हणजे मिनिटं. इथे बरेचजण फसतात. सीमाभागात त्याची खरी किंमत वेगळीच आहे. ‘एमआर-आयएन’ दिलं की महिन्याचं नाव मराठीत येतं, ‘केएन-आयएन’ दिलं की कन्नडमध्ये. सभासदाला मराठी पावती आणि कार्यालयाला कन्नड प्रत, एकाच क्वेरीतून. हे कन्व्हर्टला जमत नाही. फक्त आतून डॉटनेट ही मायक्रोसॉफ्टची वेगळी प्रणाली चालते, त्यामुळे वेळ जास्त लागतो. चाळीस पावत्यांना कळणारही नाही, लाखभर ओळींच्या खतावणीला मात्र लावू नका.

मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसवर असाल तर हा प्रश्नच पडत नाही: आत घ्यायला स्ट्र_टू_डेट, दाखवायला डेट_फॉरमॅट. पोस्टग्रेसमध्ये टू_डेट आणि टू_चार.

काहीही निवडा, कॉलम डेट प्रकाराचाच ठेवा. मजकूर करून क्रम लावला की ‘०१/१२’ ही ‘०२/०१’च्या आधी बसते, म्हणजे एकाच वर्षातला १ डिसेंबर २ जानेवारीच्या आधी. मार्चच्या ठेवी हव्या असतील तर व्हेअरमध्ये, म्हणजे क्वेरीतल्या अटीत, कॉलमला फॉरमॅट गुंडाळू नका, इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) वाया जातो. ‘२०२४०३०१’ किंवा त्यानंतरची आणि ‘२०२४०४०१’च्या आधीची, एवढंच लिहा. हा सलग प्रकार लॉगिनची भाषा कोणतीही असली तरी एकसारखाच वाचला जातो.