मे महिन्यात गरवायला: अंजनवेलचा कातळ की दाभोळची खाडी?

कराडहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणमार्गे गुहागर गाठलं की आमच्यात वाद ठरलेलाच. गरवायला, म्हणजे गरी टाकून मासे धरायला, कातळावर जायचं की खाडीला?

कातळावर वारा असतो, हीच त्याची मोठी जमेची बाजू. गोबरा, तांबोशी हे मासे तिथल्या कपारीत. पण सकाळी नऊनंतर दगड असा तापतो की चपलेतूनही चटका बसतो. शिवाय गरी अडकून दोऱ्या तुटतात त्या वेगळ्याच. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तर तिकडे फिरकूच नये, पाणी पाठीमागून कधी वेढतं कळत नाही.

खाडीत वारा पडला की घामाच्या धारा. तरी माझा कौल धोपाव्याच्या बाजूच्या खाडीलाच. भरतीचं पाणी चढायला लागलं की जिवंत कोळंबी लावून बसायचं. शेंगाळा लागतोच (काटा सांभाळा, भयंकर ठणकतो), नशीब असेल तर जिताडा. कृष्णेच्या डोहावर वाढलेल्या आम्हाला भरतीचं गणित उशिरा कळलं: वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते.

परतीला थर्माकोलच्या पेटीत बर्फ भरपूर घ्या. गेल्या खेपेला मी कंजुषी केली, घाटातच वास सुटला.